रेकॉर्ड प्लेअर घेण्याआधी थप्पी खाली काढा

रेकॉर्ड पुन्हा ऐकायच्या असं मनात आलं की पावलं आधी दुकानाकडे वळतात. त्याऐवजी पोटमाळ्यावरची, दिवाणातली किंवा आजोबांच्या कपाटातली थप्पी खाली काढा आणि जमिनीवर चादर पसरून तिचे ढीग करा. कोणता प्लेअर घ्यायचा याचं निम्मं उत्तर त्या ढिगांत मिळतं. परदेशी परीक्षणं बहुधा एलपी ऐकणाऱ्यांसाठीच लिहिलेली असतात. आपल्याकडच्या जुन्या थप्पीत नाट्यपदांच्या आणि भावगीतांच्या ७८ च्या तबकड्या, ४५ च्या छोट्या ईपी आणि मोठ्या एलपी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात. या तिन्हींचा वेग वेगळा असतो, आणि ७८ ची तर सुईही वेगळी लागते.

ओळखायचं कसं? सात इंची, बहुतेक ४५ च्या वेगाची, ती ईपी. बारा इंची, हलकी, किंचित वाकणारी, ती एलपी. दहा इंची, जड, ताठ आणि हातातून पडली तर सरळ तुकडे होणारी, ती लाखेची ७८. आकारावर पूर्ण विसंबू नका, कारण दहा इंची एलपीही निघाल्या होत्या. लेबल वाचा. एचएमव्हीच्या एलपीवर क्रमांकाआधी ईएएलपी किंवा ईसीएलपी असेल तर ती मोनो, ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. अमेरिकेत एलपी १९४८ मध्ये आली, तरी आपल्याकडे ७८ च्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर विकली गेली. त्यामुळे घरातली ७८ ची तबकडी फार पुरातन असेलच असं नाही. ती अगदी वाजवण्याजोगी असू शकते.

आता ढीग बघा. सगळ्या एलपी आणि ईपीच असतील तर काम सोपं आणि स्वस्त आहे. ७८ च्या चार-दोनच तबकड्या असतील आणि त्यांतली गाणी इतरत्र सहज मिळत असतील, तर त्यांच्यासाठी वेगळा खर्च करू नका, जपून ठेवा. पण ७८ चा ढीग भरगच्च असेल, त्यात दुसरीकडे न मिळणारं काही असेल, तर तीन वेग असलेलं आणि सुई बदलता येणारं यंत्रच घ्यावं लागेल. किमतीचा सगळा फरक इथे पडतो.

यापुढचे आकडे ठोकळमानाने दिले आहेत. ही यंत्रं बहुतेक आयात होतात, त्यामुळे डॉलर आणि सणासुदीच्या सवलती यांप्रमाणे भाव हलतात. खरेदीच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या.

सुटकेसचा मोह

बाजारात सगळ्यात आधी नजरेत भरतो तो रंगीत सुटकेससारखा प्लेअर. किंमत पाच ते आठ हजार, स्पीकर आतच, तिन्ही वेग, शिवाय ब्लूटूथ. भेट म्हणून तो खूप खपतो. तो घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. कारण त्याच्या कार्ट्रिजमध्ये आहे. सुईच्या हालचालीचं विजेत रूपांतर करणारा भाग म्हणजे कार्ट्रिज. या स्वस्त यंत्रांत ते सिरॅमिक जातीचं असतं आणि तबकडीवर साधारण पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त भार टाकतं. चांगलं मॅग्नेटिक कार्ट्रिज दोन ग्रॅमच्या आसपास चालतं. जड आणि ताठ सुई स्टिरिओ रेकॉर्डची खाच हळूहळू झिजवते, आणि झिजलेली खाच पुन्हा पूर्ववत होत नाही. त्यात स्पीकर त्याच पेटीत असल्याने त्यांची थरथर सुईपर्यंत पोहोचते. भार कमी करायला मागे वजनही नसतं. ७८ चा वेग दिलेला असला तरी सुई बहुधा एलपीचीच असते. म्हणजे तो तिसरा वेग असून नसल्यासारखा.

हाच मुद्दा जुन्या एचएमव्ही फिएस्टाला लागू होतो, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण कित्येक घरांत पहिलं गाणं त्या पेटीतूनच ऐकलं गेलं. फिएस्टा दुरुस्त होतो. मोटरची फिरकी थाळीला टेकवणारं रबरी चाक कडक झालेलं असतं, तेल सुकलेलं असतं, कार्ट्रिज मेलेलं असतं. जुनी यंत्रं हाताळणारा कारागीर मिळाला तर तीन ते सहा हजारांत तो पुन्हा बोलू लागतो. त्याच्या सुईला बाजूला एक छोटी दांडी असते, ती फिरवली की एका बाजूला ७८ ची आणि दुसऱ्या बाजूला एलपीची सुई येते. घरची आठवण म्हणून हा खर्च जरूर करा आणि त्यावर हाताशी असलेल्या साध्या, खूप वाजलेल्या रेकॉर्ड लावा. पण कुमार गंधर्वांची जपून ठेवलेली स्टिरिओ एलपी त्याखाली देऊ नका.

चोरबाजारात किंवा हस्तकलेच्या दुकानांत मिळणारा पितळी कर्ण्याचा ‘अँटिक’ ग्रामोफोन तर फक्त शोभेसाठी. त्यातले पुष्कळसे नव्याने जुळवलेले असतात. त्यांचा पोलादी सुईचा जड हात एलपीवर ठेवला तर ती पहिल्याच वेळी खराब होते, आणि ७८ चीही झीज होते. खरा जुना चावीचा ग्रामोफोन घरात असेल, तर नियम असा की पोलादी सुई एका बाजूला एकदाच वापरायची. लाखेच्या तबकडीत मिसळलेली पूड सुईचं टोक घासत नेते आणि मग तेच बोथट टोक खाच कुरतडू लागतं.

फक्त एलपी असतील तर

माझी पहिली शिफारस ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी ६०एक्स किंवा त्याच्या बरोबरीचं यंत्र. साधारण पंधरा ते वीस हजार रुपये. बटण दाबलं की हात आपोआप उचलून रेकॉर्डवर येतो, बाजू संपली की परत जागेवर जातो. वयस्क आई-वडिलांच्या थरथरत्या हातांसाठी ही सोय फार मोलाची आहे. कार्ट्रिज मॅग्नेटिक आहे, सुई ओढून बदलता येते, आणि फोनो प्रीअँप आतच आहे.

हे फोनो प्रीअँप काय असतं ते नीट समजून घ्या, कारण अनेकांचा खर्च इथे अडकतो. रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबतात आणि वरचे वाढवतात, नाहीतर खाचा फार रुंद होतील आणि खरखर जास्त येईल. वाजवताना ते उलट करावं लागतं. १९५४ पासून यासाठी आरआयएए नावाचा एकच ठराव बहुतेक कंपन्यांनी मानला. शिवाय मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून येणारी वीज अगदी क्षीण असते, तीन ते पाच मिलिव्होल्ट. ती वाढवणं आणि सूर सरळ करणं, ही दोन्ही कामं फोनो प्रीअँप करतो. प्लेअरमध्ये तो असेल तर घरातल्या होम थिएटरच्या ऑक्स खाचेतही वायर लावता येते. नसेल तर वेगळा घ्यावा लागतो: साधा अडीच-तीन हजारांचा, बरा आठ ते बारा हजारांचा. तुमच्या जुन्या अँप्लिफायरच्या मागे ‘फोनो’ अशी खाच असेल तर तो आतच आहे. मग प्लेअरचा बंद करा, त्यासाठी मागे बटण असतं. दोन्ही एकदम चालू राहिले तर आवाज फाटतो, आणि माणूस विनाकारण प्लेअर दुरुस्तीला नेतो.

स्पीकर. आतच अँप्लिफायर असलेले टेबलावरचे स्पीकर नऊ ते तेरा हजारांत मिळतात आणि दहा बाय बाराच्या खोलीला पुरतात. म्हणजे प्लेअर, स्पीकर, ब्रश आणि नवीन आतली पाकिटं धरून तीस हजारांच्या आसपास चांगली जुळणी होते. यापेक्षा स्वस्तात जायचं असेल तर स्पीकरमध्ये काटकसर करा, सुईमध्ये करू नका. स्पीकर पुढे कधीही बदलता येतो. ब्लूटूथवाला प्लेअर घ्यायचा की नाही, असं विचारतात. सोय हवी असेल तर घ्या. पण ऐकणं फक्त ब्लूटूथवरूनच होणार असेल, तर महागडं कार्ट्रिज घेण्यात पैसे घालवू नका. त्याने टिपलेले बारकावे वाटेतच गळतात.

याच्या वरच्या पायरीवर इंग्लंडचा रेगा प्लॅनर १ किंवा ऑस्ट्रियाच्या प्रो-जेक्टचा डेब्यू कार्बन इव्हो आहे. पहिला पंचेचाळीस-पंचावन्न हजार, दुसरा त्याहून पुढे. आवाजात फरक जाणवतो, विशेषतः तंबोऱ्याच्या झंकारात आणि तबल्याच्या बायाच्या घुमाऱ्यात. पण हात स्वतः उचलावा लागतो, रेगाचा वेग बदलायला थाळी काढून बेल्ट सरकवावा लागतो आणि त्याला ७८ येत नाही. प्रो-जेक्टमध्ये वेगळा बेल्ट घालून ७८ मिळतो. यांना साजेसा अँप्लिफायर आणि स्पीकर घ्यायचे तर एकूण बिल लाखावर जातं. रोज तासभर शांत बसून ऐकणार असाल तर ते पैसे सार्थकी लागतात. स्वयंपाक करता करता ऐकणार असाल तर नाही.

७८ वाजवायच्या असतील तर

इथे मी जरा थांबणार आहे, कारण आपल्याकडच्या थप्पीचा खरा खजिना यातच असतो आणि दुकानदार बहुधा याबद्दल बोलत नाहीत.

७८ ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा पुष्कळ रुंद असते. तिला सुमारे ७५ मायक्रॉन गोलाईचं टोक लागतं, तर स्टिरिओ एलपीच्या साध्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी, जिथे अनेक वर्षांची धूळ साठलेली असते, तिथे घसटत जाते. गाण्यापेक्षा खरखर जास्त येते, आणि लोक म्हणतात की रेकॉर्डच गेली. रेकॉर्ड बहुधा गेलेली नसते, सुई चुकलेली असते. उलट बाजूने, ७८ ची सुई एलपीवर चुकूनही ठेवू नका.

म्हणून हवा तीन वेगांचा प्लेअर, ज्याची सुई चटकन ओढून दुसरी बसवता येते. ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी १२०एक्स-यूएसबी हे काम करतो. किंमत पस्तीस ते पंचेचाळीस हजार. त्यावर व्हीएम ९५ई कार्ट्रिज येतं आणि त्याच कार्ट्रिजवर बसणारी ७८ ची सुई, व्हीएमएन ९५एसपी, वेगळी मिळते. तिला दहा हजारांच्या आसपास धरा. सुई बदलली की त्या सुईच्या पत्रकाप्रमाणे मागचं वजनही बदलायचं. स्पीकर, ब्रश आणि पाकिटं मिळवून ही जुळणी साठ ते ऐंशी हजारांत बसते. ज्या घरात दोन्ही प्रकारच्या रेकॉर्ड आहेत, तिथे मी हीच सुचवेन.

तिचा आणखी एक गुण म्हणजे वेग थोडा कमी-जास्त करण्याची पट्टी. ७८ हा आकडा नावापुरता. जुन्या ध्वनिमुद्रणांचे वेग काही कमी, काही जास्त असत. वेग चुकला की गायकाची पट्टीच बदलते. घरात पेटी असेल तर स्वर जुळवून बघा. अमुक गायक काळी पाचात गायचे असं ठाऊक असेल तर रेकॉर्ड त्या पट्टीवर आणता येते.

यूएसबीचा उपयोगही इथेच. वायर संगणकाला जोडून ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड उतरवून घ्या. ७८ मोनो असते, त्यामुळे आवाजाच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजू एकत्र करून मोनो केल्या की खरखरीचा बराच भाग आपोआप गळतो. १९५४ च्या आधीच्या तबकड्या आरआयएए पद्धतीने कापलेल्या नसतात, म्हणून आवाज थोडा दबलेला वाटेल. तो सॉफ्टवेअरमध्ये सूर वर-खाली करून ठीक करता येतो. दुर्मिळ तबकडी हाती लागली तर सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेशी बोला. १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेली ही संस्था जुन्या ध्वनिमुद्रिकांची माहिती गोळा करत आली आहे. रेकॉर्ड भंगारात देण्याआधी निदान लेबलचा फोटो कुणा जाणकाराला दाखवा.

अमेरिकेतून किंवा जपानहून आलेला जुना प्लेअर

मुलगा न्यू जर्सीहून येताना जुना प्लेअर आणतो, किंवा इथला विक्रेता ‘जपानी मॉडेल’ म्हणून दाखवतो. १९७० च्या दशकातली ही यंत्रं भक्कम असतात आणि पंधरा ते चाळीस हजारांत मिळून जातात. पण व्होल्टेजसोबत वारंवारता विचारा. अमेरिकेत ११०-१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. विजेच्या हर्ट्झवर चालणारी जुनी मोटर मग सहात पाच इतक्याच वेगाने फिरते. ३३ ⅓ ऐवजी जेमतेम २८ फेरे. काळी पाचमधलं गाणं पांढरी पाचमध्ये उतरतं आणि लताबाई ओळखू येत नाहीत. क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह असलेल्या यंत्रांना ही अडचण नसते. त्यांना फक्त व्होल्टेज जुळवावं लागतं. नव्या यंत्राचा अडॅप्टर असेल तर त्यावर १००-२४० असं लिहिलं आहे का तेवढं वाचा.

वेग तपासायला छापील स्ट्रोब कार्ड मिळतं. ५० हर्ट्झच्या कार्डावर ३३ ⅓ साठी १८० रेघा असतात. चोकवाल्या ट्यूबलाइटखाली थाळी फिरवली की रेघा स्थिर दिसल्या पाहिजेत. एलईडी दिव्याखाली हे नीट दिसत नाही.

टेक्निक्स एसएल-१२०० चं नाव विक्रेते आवर्जून घेतात. १९७२ मध्ये आलेलं, २०१० मध्ये थांबलेलं आणि २०१६ मध्ये परत आलेलं हे यंत्र फारच टिकाऊ. पण इथे मिळणारे जुने नग डीजेंनी वर्षानुवर्षं राबवलेले असू शकतात. हाताचे बेअरिंग ढिले आहेत का ते आर्म अलगद हलवून बघा. खटखट जाणवली तर सोडून द्या. नवीन नग लाखाच्या वर जातो.

दरवर्षी लागणारा खर्च

सुई झिजते, आणि तिची झीज कानाला उशिरा कळते, रेकॉर्डला आधी. ऑडिओ-टेक्निकाच्या सांगण्याप्रमाणे लंबगोल टोक सुमारे ३०० तास, गोल टोक ५०० तास. एलपीच्या दोन्ही बाजू मिळून पाऊण तास धरला आणि रोज एक ऐकली, तर वर्षाला पावणेतीनशे तास होतात. म्हणजे १२०एक्सची सुई साधारण वर्षाने बदलायची, तीन-चार हजार. ६०एक्सची पावणेदोन वर्षांनी, दीड ते अडीच हजार. प्लेअर घेतानाच त्याची सुई इथे मिळते का ते विचारा. मिळत नसेल तर प्लेअर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. बेल्ट उन्हाळ्यात सैल पडतो. तो पाचशे ते दीड हजारांत येतो.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात रेकॉर्डवर पांढरी बुरशी धरते. ती कोरड्या कापडाने पुसाल तर खाचेत रुतते. एलपी डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने धुवा, लेबल भिजू देऊ नका, आणि स्वच्छ डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा खळबळा. लाखेच्या ७८ ला स्पिरिट किंवा अल्कोहोलचा थेंबही लावू नका, लाख विरघळते. रेकॉर्ड आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या टाका. कार्बन फायबरचा ब्रश सातशे ते दीड हजार, सुईचा भार मोजायचा छोटा काटा हजाराच्या आत. हे दोन्ही पहिल्याच खरेदीत घ्या.

मांडणीला पैसे लागत नाहीत, पण फरक मोठा पडतो. प्लेअर आणि स्पीकर एकाच टेबलावर नकोत. थाळी पाणसळीवर असावी, फोनमधल्या पातळीच्या अ‍ॅपनेही चालतं. सतत घूं असा आवाज येत असेल तर प्लेअरची अर्थिंगची बारीक वायर अँप्लिफायरला जोडली आहे का बघा. जुन्या इमारतींत सॉकेटलाच अर्थिंग नसतं, तेव्हा दोष यंत्राचा नसून इलेक्ट्रिशियनला बोलवायची वेळ आलेली असते.

नवीन एलपी दोन ते साडेतीन हजारांना पडते. म्हणून जुन्या घ्या, पण तिरप्या उजेडात धरून बघा. मधल्या भोकाभोवती ओरखडे दाट असतील तर ती खूप वाजलेली आहे, आणि काळ्याऐवजी राखाडी झाक आली असेल तर खाच झिजली आहे. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार इथे भाव करता येतो, मात्र विक्रेत्याला पाकिटातून रेकॉर्ड बाहेर काढून दाखवायला लावा. पाकीट एकाचं आणि तबकडी दुसऱ्याची, असं सर्रास असतं.

बिल घेताना विचारायच्या दोन गोष्टी राहिल्या. वॉरंटी भारतातली आहे ना, आणि बिघाड झाला तर यंत्र कुठे न्यायचं. सुई बहुधा वॉरंटीत येत नाही, कारण ती झिजणारी वस्तू समजली जाते. खोकं आणि थर्मोकोल निदान वॉरंटी संपेपर्यंत टाकू नका. प्लेअर हलवताना थाळी वेगळी काढून, मागचं वजन उतरवून, आर्म बांधूनच न्यावा लागतो, आणि मूळ खोक्याशिवाय कुरिअरवाले तो धड पोहोचवत नाहीत.